रविवार सकाळचा गप्पांचा तास रेडिओवर कसा उभा करावा

सुट्टीच्या दिवशी रेडिओ ऐकणारा माणूस रेडिओसमोर बसलेला नसतो. तो कपाट आवरत असतो, इस्त्री करत असतो, गाडी चालवत असतो. मध्येच दुसऱ्या खोलीत जातो आणि चार मिनिटांनी परत येतो. छापलेल्या पानावरचं एखादं वाक्य निसटलं तर डोळे मागे नेता येतात, रेडिओवर ती सोय नाही. निसटलं ते गेलं. चालू घडामोडी, विज्ञान, कला आणि रोजचं जगणं यांवरचा तासाभराचा संवाद बांधताना विषयापासून माइकच्या अंतरापर्यंतचे सगळे निर्णय या एकाच गोष्टीवरून घ्यावे लागतात.

आठवडा कसा वाटून घ्यायचा

रविवारचा कार्यक्रम सोमवारी सुरू होतो. सोमवारी विषय ठरतात, मंगळवारी पाहुण्यांशी फोनवर पूर्वसंवाद होतो, बुधवारी प्रश्न आणि क्रम लिहिला जातो, गुरुवारी ध्वनिमुद्रण आणि शुक्रवारी संकलन. शनिवार मोकळा ठेवायचा, कारण त्या दिवशी काहीतरी बदलतंच. चालू घडामोडींचा भाग शक्यतो थेट किंवा शनिवारी संध्याकाळी मुद्रित करावा. गुरुवारी मुद्रित केलेला भाग रविवारी ऐकवायचा असेल तर ‘आज’, ‘काल’, ‘या आठवड्यात’ हे शब्द पाहुण्यांच्या तोंडी येऊ देऊ नयेत. ते बोलण्याच्या ओघात आलेच, तर थांबवून तेच वाक्य तारखेसह पुन्हा बोलायला सांगावं. संकलनात ‘काल’ काढून ‘बुधवारी’ बसवता येत नाही.

विषय निवडताना एक साधी कसोटी पुरते: प्रश्न एका वाक्यात विचारता येतो का? ‘पाणी’ हा विषय झाला नाही. ‘विहिरीचं पाणी दरवर्षी खाली जातंय हे मोजतात कसं?’ हा विषय झाला. पहिल्यावर तासभर बोललं तरी हाताला काही लागत नाही, दुसऱ्यावर बारा मिनिटांत पुष्कळ लागतं.

पूर्वसंवाद

कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि ते लक्षात येतं स्टुडिओत. पूर्वसंवाद २० ते २५ मिनिटांचा असावा आणि तो निर्मात्याने करावा, निवेदकाने नव्हे. कारण असं की पाहुणे एखादी गोष्ट ज्या व्यक्तीला एकदा सांगतात, तिलाच दुसऱ्यांदा सांगताना ती आपोआप आखडते. ‘मी मघाशी म्हटलं तसं’ ही सुरुवात ऐकू आली की समजावं, उत्तराचा ताजेपणा फोनवरच संपला.

या बोलण्यात तीन गोष्टी टिपायच्या. पाहुण्यांचा आवाज कुठे खुलतो, ते कोणते पारिभाषिक शब्द सवयीने वापरतात, आणि आपल्या कामातल्या कोणत्या वस्तूचं किंवा प्रसंगाचं वर्णन ते हुबेहूब करू शकतात. नावाचा उच्चार आणि हुद्दा याच वेळी विचारून लिहून घ्यावा. नाव चुकीचं उच्चारलं की पाहुणे दुखावतात, आणि पहिल्या उत्तरात तो ताण ऐकू येतो.

प्रश्नांची यादी पाठवा अशी मागणी होते. विषयाचे मुद्दे जरूर पाठवावेत, शब्दशः प्रश्न पाठवू नयेत. प्रश्न हातात असले की उत्तरं लिहून आणली जातात, आणि वाचलेलं उत्तर कानाला लगेच कळतं. वाचणारा श्वास स्वल्पविरामावर घेतो, बोलणारा विचार अडेल तिथे.

तासाची मांडणी

समजा हातात ५५ मिनिटं आहेत. एक चालणारी मांडणी अशी: सुरुवात आणि आजच्या विषयांची ओळख दीड मिनिट, मुख्य संवाद १९ मिनिटं, विज्ञान १४, कला-संस्कृती ११, रोजच्या जगण्यातला छोटा विषय ५, समारोप सव्वा मिनिट. भागांमधले तीन दुवे, म्हणजे एका भागातून दुसऱ्यात नेणारं निवेदकाचं बोलणं, प्रत्येकी ४५ सेकंदांचे. एकूण ५४ मिनिटं होतात. उरलेलं एक मिनिट मोकळं ठेवायचं, ते वापरलं जातंच.

सर्वांत जड विषय पहिला घ्यावा. श्रोत्याचं लक्ष आणि निवेदकाची ताकद दोन्ही तेव्हा ताजी असतात, शिवाय विषय लांबला तर कापायला मागे जागा असते. शेवटचा छोटा भाग मात्र आधीच मुद्रित करून ठेवावा आणि त्याच्या दोन प्रती तयार ठेवाव्यात, एक ५ मिनिटांची आणि एक ३ मिनिटांची. थेट कार्यक्रमात मागचं काही लांबलं तर छोटी प्रत लावता येते.

शेवट अचूक गाठण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे. संकेतधून २ मिनिटं १० सेकंदांची असेल आणि कार्यक्रम १० वाजून ५५ मिनिटांनी संपायचा असेल, तर धून बरोबर १० वाजून ५२ मिनिटं ५० सेकंदांनी सुरू करायची, पण फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी मिक्सरवरची सरकती कळ, बंद ठेवून. ती कुणाला ऐकू न येता वाजत राहते. निवेदकाचं शेवटचं वाक्य संपत आलं की फेडर हळूहळू वर घ्यायचा. निवेदक दहा सेकंद आधी थांबला काय किंवा वीस सेकंद उशिरा थांबला काय, धून आपल्या जागीच संपते.

दर सहा-सात मिनिटांनी कोण बोलतंय आणि कशाबद्दल, हे पुन्हा सांगावं. निवेदकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मध्येच रेडिओ लावणाऱ्यासाठी तेच दार आहे. ते प्रश्नात मुरवता येतं. ‘त्या म्हणाल्या’ असं न म्हणता नाव घेऊन विचारलं की झालं. सुरुवातीच्या ओळखीत काम आधी आणि नाव शेवटी यावं, आणि नावापाठोपाठ लगेच पाहुण्यांचा आवाज. नाव आणि आवाज यांच्यामध्ये तीन वाक्यं पदव्यांची आली, तर नाव विसरलं जातं.

खोली आणि माइक

चांगली खोली आणि साधा माइक ही जोडी, वाईट खोली आणि महागडा माइक या जोडीपेक्षा नेहमीच वरचढ ठरते. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर धातूसारखा झणझणाट ऐकू आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. बोलण्यासाठीच्या खोलीत आवाजाचं घुमणं साधारण ०.२ ते ०.४ सेकंदांत विरायला हवं. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषतो, मग आवाज दबलेला आणि तरीही घुमणारा येतो. जाड गाद्या, घड्या घातलेली जड कापडं आणि पुस्तकांनी भरलेली कपाटं जास्त काम करतात. टेबल काचेचं किंवा सनमायकाचं असेल तर त्यावर जाड कापड अंथरावं, नाहीतर टेबलावरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळून बोलणं पोकळ वाटतं.

माइक तोंडापासून दोन मुठी, म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटर अंतरावर. तोंडासमोर सरळ नव्हे, ३० ते ४५ अंश बाजूला, आणि रोख तोंडाच्या कोपऱ्याकडे. मराठीत याला खास कारण आहे. फ, भ, ख, थ या महाप्राण अक्षरांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, तो माइकच्या पडद्यावर आदळला की ‘धप्’ असा आवाज येतो, आणि तो नंतर पुसणं फार अवघड. ‘भूकंप’, ‘फुफ्फुस’, ‘प्रभाव’ हे तीन शब्द पाहुण्यांकडून म्हणवून घ्या. तिन्ही स्वच्छ आले तर कोन बरोबर आहे. स, श, च यांचा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर माइक किंचित हनुवटीच्या पातळीला उतरवावा.

एका दिशेचा आवाज घेणाऱ्या माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. काही निवेदकांना तो भारदस्तपणा आवडतो. पण पाहुणे एक वीत मागे आणि निवेदक चार बोटांवर असले, तर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटतात. अंतर दोघांचं सारखं ठेवावं. दोन माइकमधलं अंतर हे तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये किंचित उशिराने शिरतो आणि दोन्ही मिसळल्यावर आवाज पातळ होतो. कंडेन्सर माइक, म्हणजे चालायला वीज लागणारा माइक, असेल तर मिक्सरमधून तारेवाटे त्याला मिळणारी ४८ व्होल्टची फँटम वीज चालू आहे ना, हे पाहावं. माइक मुका असण्याचं ते सर्वांत साधं कारण.

लेव्हल ठरवताना पाहुण्यांना ‘वन टू थ्री’ म्हणायला लावू नये. माणूस आकडे एका आवाजात म्हणतो आणि बोलतो दुसऱ्याच आवाजात. ‘इथे पोचायला त्रास झाला का?’ असं विचारून त्यांना मिनिटभर बोलू द्यावं. मीटरवर शून्याला आवाज फाटतो, म्हणून शिखरं वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या दरम्यान यावीत. हसण्यासाठी जागा राखा, पाहुण्यांचा आवाज फाटतो तो हसतानाच.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), प्रत्येक नमुना २४ बिटचा, प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक. एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. एक यंत्र ४८ वर आणि दुसरं ४४.१ वर ठेवलेलं असलं, आणि फाइल चुकीच्या दराने उघडली गेली, तर ६० मिनिटांचं बोलणं ६५ मिनिटांवर जातं आणि आवाज जड, झोपाळलेला वाटतो. सगळे बोलून झाल्यावर कुणीही न हलता खोलीची ३० सेकंदांची शांतता मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला हीच शांतता लागते. पूर्ण नि:शब्द तुकडा घातला तर श्रोत्याला वाटतं, रेडिओ बंद पडला.

लांबून बोलणारे पाहुणे

जुन्या पद्धतीची फोन लाइन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेते. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर नावं आणि संज्ञा चुकीच्या ऐकू येतात. इंटरनेटवरून बोलणं बरं, आणि त्याहून बरं म्हणजे पाहुण्यांनी आपल्या बाजूला स्वतःच्या फोनवर मुद्रण करून फाइल पाठवणं. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी एकाच वेळी टाळी वाजवावी. सुरुवातीच्या टाळीवर दोन फाइल जुळतात, शेवटच्या टाळीवर त्या एकमेकींपासून किती सरकल्या ते कळतं.

पाहुण्यांना परत पाठवायच्या आवाजात बाकी सगळं असावं, फक्त त्यांचा स्वतःचा आवाज नसावा. तो गेला तर त्यांना आपलंच बोलणं थोड्या उशिराने ऐकू येतं आणि दोन वाक्यांत ते अडखळायला लागतात. पाहुणे अचानक हळू आणि तुटक बोलायला लागले की आधी ही जोडणी तपासावी.

समोरासमोर गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढीच फट असते. लाइनमधला उशीर एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की ही लय मोडते, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. अशा वेळी निवेदकाने हुंकार पूर्ण बंद ठेवावेत, प्रश्न छोटे करावेत आणि वाक्याच्या शेवटी पाहुण्यांचं नाव घ्यावं. नाव ऐकलं की पाळी आपली, हे त्यांना कळतं.

प्रश्न

एका संवादासाठी पाच प्रश्न लिहावेत, त्याहून जास्त नको. पंधरा प्रश्नांचा कागद समोर असला की निवेदक उत्तर ऐकत नाही, पुढची ओळ शोधतो.

हवामानाच्या अंदाजावर बोलायचं आहे असं धरा. नेहमी ऐकू येणारा प्रश्न असा असतो: ‘अंदाज पूर्वीपेक्षा सुधारलेत, तरी लोकांचा विश्वास बसत नाही, तर यात तंत्रज्ञान कमी पडतं की माहिती नीट पोचत नाही, आणि पुढच्या काळात काय चित्र दिसतं?’ यात तीन प्रश्न आहेत. पाहुणे त्यातला शेवटचा आणि सर्वांत सोपा निवडतात, आणि श्रोत्याच्या हाती काहीच येत नाही.

त्याऐवजी: ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के. म्हणजे नेमकं काय?’

उत्तर येईल की असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवस त्या ठिकाणी पाऊस पडतो. कागदावरचा पुढचा प्रश्न इथे विसरायचा. ऐकणाऱ्याच्या मनात आता काय आलं असेल? ‘मग उद्या पाऊस पडलाच, तर अंदाज चुकला म्हणायचं का?’ नाही, असं पाहुणे म्हणतील, एका दिवसावरून ते ठरत नाही. ‘मग कशावरून ठरवता?’ आता खरी गोष्ट बाहेर येते: ३० टक्के म्हटलेले शेकडो दिवस गोळा करायचे आणि त्यांतल्या सुमारे तीस टक्के दिवशी पाऊस पडला का ते मोजायचं. ही सगळी वाट तीन छोट्या प्रश्नांत चालून झाली. त्यातले दोन प्रश्न आधी लिहून ठेवता आलेच नसते, ते ऐकण्यातून आले.

उत्तर संपल्यावर दोन सेकंद गप्प राहायला शिकावं. हे सर्वांत अवघड आहे. त्या शांततेत पाहुणे बहुधा आणखी एक वाक्य बोलतात, आणि तेच वाक्य तयारी करून आणलेलं नसतं. ‘हो’, ‘बरोबर’, ‘अच्छा’ हे हुंकार प्रत्यक्ष गप्पांत आपुलकीचे असतात, रेडिओवर ते उत्तराला भोकं पाडतात आणि संकलनात कापता येत नाहीत. मान हलवावी, डोळ्यांनी दाद द्यावी.

आकड्यांची काळजी वेगळी घ्यावी. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि अडुसष्ट कानावरून सहज निसटतात. पण आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आहेत आणि ते कानासाठीच घडलेले आहेत. ‘७४.६ टक्के’ हे पाहुण्यांनी सांगितलं, तर निवेदकाने ‘म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश’ एवढं जोडावं. एका उत्तरात दोनपेक्षा जास्त आकडे राहत नाहीत.

विज्ञानाच्या भागात ‘धोका दुप्पट झाला’ असं वाक्य आलं की तिथेच थांबवून विचारावं, कितीवरून किती? दहा हजारांत एकावरून दहा हजारांत दोन, हेही दुप्पटच. अभ्यास माणसांवर झाला की प्राण्यांवर, किती जणांवर, इतर तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झाला की अजून मसुदाच आहे, पैसे कुणी दिले, ही चार उत्तरं पूर्वसंवादातच घेऊन ठेवावीत. दोन गोष्टी सोबत घडल्या एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडली असं पाहुणे ओघात म्हणून जातात, तिथे निवेदकाने नम्रपणे बोट ठेवायलाच हवं.

चालू घडामोडींत कुणा व्यक्तीवर किंवा संस्थेवर आरोप होत असेल तर तिची बाजू प्रसारणाच्या आधी मागावी, आणि मिळाली नाही तर ती मागितली होती हे स्पष्ट सांगावं. प्रकरण न्यायालयात असेल तर काय बोलता येतं ते कायद्याच्या जाणकाराला आधीच विचारावं. थेट कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन घेणार असाल तर काही सेकंद उशिराने प्रसारण करणारी यंत्रणा आणि नको ते बोलणं अडवण्यासाठी तिचं बटण दाबायला सावध माणूस, दोन्ही हवेत.

रोजच्या जगण्याच्या भागात वस्तू स्टुडिओत आणाव्यात. कुलूप दुरुस्त करणाऱ्यांशी बोलत असाल तर कुलूप त्यांच्या हातात द्या, माइक १० सेंटिमीटरवर धरा आणि विचारा, ‘आता बोटांना काय लागतंय?’ किल्ली आत सरकताना कुलपातल्या पिना एकेक करून जागेवर बसतात, तो बारीक टकटक आवाज पाच सेकंद एकटा वाजू द्यावा. मग त्याच्यावर बोलणं. पुस्तकांवर बोलताना लेखकाकडून ४० सेकंदांचा उतारा वाचून घ्यावा. गाण्याचा तुकडा वापरायचा तर परवानगीचं काम सोमवारीच सुरू करावं, शनिवारी ते होत नाही.

संकलन आणि शेवटचं ऐकणं

१९ मिनिटांच्या भागासाठी २५ ते २८ मिनिटं मुद्रित झालेली असावीत. चाळीस मिनिटं झाली असतील तर संकलनाच्या नव्हे, प्रश्नांच्या चुका शोधाव्यात. आधी अख्खे प्रश्न-उत्तर काढावेत, मग पुनरुक्ती, आणि अडखळणं सर्वांत शेवटी. प्रत्येक श्वास काढला की माणूस यंत्रासारखा बोलतो. श्वास ठेवावेत, कापायचं ते श्वासाच्या आधी. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडू नये, अर्थ ‘तसाच’ राहतो असं वाटलं तरीही. पाहुण्यांनी आपला शब्द विश्वासाने दिलेला असतो.

आवाजाची सरासरी पातळी एकसारखी हवी. ती एलयूएफएस या एककात मोजतात. युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण वजा २३ एलयूएफएस, पॉडकास्टसाठी बहुधा वजा १६ धरतात. तुमच्या केंद्राचं प्रमाण विचारून घ्यावं, आणि शिखर वजा १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. हेडफोनवर सगळं छान वाटतं, म्हणून शेवटचं ऐकणं एका छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात, शेजारी नळ चालू ठेवून करावं. जो शब्द तिथे हरवतो, तो रविवारी हरवणारच.

शनिवारी संध्याकाळी मुद्रित भागातली प्रत्येक तारीख, पद आणि आकडा पुन्हा पडताळावा. शुक्रवारनंतर एखाद्याचं पद बदललेलं असू शकतं. अशा वेळी भाग पुन्हा न उघडता निवेदकाच्या दुव्यात एक वाक्य घालावं.

प्रसारणानंतर चूक कळली तर दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच भागाच्या आधी, साध्या शब्दांत द्यावी: काय म्हटलं गेलं आणि बरोबर काय आहे. मूळ ट्रॅक, संकलित फाइल आणि पाहुण्यांची लेखी संमती एकाच फोल्डरमध्ये प्रसारणाच्या तारखेने ठेवावी, आणि दुरुस्तीची नोंदही तिथेच.